स्टँपर कोचचा गळा

हर्शेल स्टँपरचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. त्याची दोन शिकारी कुत्री होती, बेल आणि ड्रमर. ती डोंगरापल्याडच्या घळीत रॅकूनमागं सुटलेली असायची, आणि हा गडी आपल्या ओसरीवर उभा राहून, तंबाखूचा बार एका गालात सारून, एकच हाळी द्यायचा. कुत्री खाली मान घालून घरी. त्याच हाळीवर त्यानं आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला अडतीस वर्षं हाकलं. केंटकीच्या ह्या कोळशाच्या डोंगरात माणूस एकतर खाणीत उतरतो नाहीतर बास्केटबॉल खेळतो. स्टँपरनं दोन्ही केलं. तीन वर्षं खाणीत, बाकीचा जन्म व्यायामशाळेत.

मी लोनी स्लोन. पोरांचे घोटे पट्टीनं बांधायचे, मुरगळलेलं बोट ओढून जाग्यावर आणायचं, हे माझं काम. एकोणतीस वर्षं मी ते केलं, आणि पट्टी जरा सैल बसली की एकोणतीस वर्षं एकच वाक्य ऐकलं, "लोनी, उद्या तुझीच मान बांधतो बघ."

मैदानाच्या कडेला आम्ही चौघं बसायचो. कोचला बाक चालत नसे. त्याची एक लाकडी घडीची खुर्ची होती. मयतीचं सामान देणाऱ्यांकडून पहिल्याच वर्षी चार दिवसांसाठी म्हणून आणलेली, ती परत गेलीच नाही. तिच्या डावीकडं बाकावर डेल कॉडिल, कोचचा हाताखालचा माणूस. त्याच्या मांडीला मांडी लावून मी. आणि टोकाला वर्ना प्रेटर. ती कॉलेजात गणित शिकवायची आणि सामन्याला कागदावर मैदान काढून, कुठल्या पोरानं कुठून चेंडू टाकला त्याच्या फुल्या मारत बसायची. कोच तिला भ्यायचा. फुलीपुढं त्याचं ओरडणं चालत नसे.

डेलचा आवाज बारीक. कोच म्हणायचा, "डेल्या, तू बोललास की वाटतं कुणीतरी कोंबडीच्या मानंवर पाय दिला." डेल हसायचा. कारण रविवारी त्याच आवाजाला मान होता. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, बाजा नाही. एकानं उभं राहून गाण्याची ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत, वळवत ओढायची. एकदा दिलेली ओळ आमच्यात कुणी खाली पडू देत नाही. डेलचा आजा ओळ द्यायचा, बाप द्यायचा, आता डेल द्यायचा. त्याचा तो बारीक आवाज कौलांखाली चिमणी फिरावी तसा फिरायचा आणि म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. डेलकडं दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. त्याला हवंही नव्हतं.

एकतिसाव्या वर्षी कोचच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि मानेला चवलीच्या नाण्याएवढं भोक ठेवलं. कॉलेजच्या अध्यक्षांनी हार, घड्याळ, भाषण, निरोपाची सगळी तयारी केली. कोच पाटी घेऊन त्यांच्या खोलीत गेला. पाटीवर एकच शब्द लिहिला होता: डेल.

असं ठरलं. कोचनं ओठ हलवायचे, डेलनं कान वाकवून, ओठ बघून ते झेलायचं आणि मैदानावर फेकायचं. पहिल्या महिन्यात सगळी गंमतच झाली. कोच लाल होऊन ओठ भराभर हलवायचा आणि डेल चर्चमधल्यासारखा म्हणायचा, "पोरांनो, जरा मागं सरता का?" पोरं हसायची. कोच डेलच्या पोटरीवर लाथ घालायचा. ती पोटरी मीच चोळायचो.

पण नाताळ उलटला आणि डेलचा आवाज जाड होऊ लागला. एका सामन्यात आमच्या पोराला ढकललं तरी रेफरी गप्प राहिला, तेव्हा डेलच्या तोंडून त्या रेफरीच्या आईचा असा उद्धार बाहेर पडला की छताचे पत्रे थरारले.

शिट्टी वाजली. रेफरी समोर येऊन उभा. "कोन बोललं त्ये?"

डेलनं कोचकडं बोट केलं. कोचनं रुमाल खाली ओढून गळ्याचं भोक दाखवलं.

रेफरीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तोंड ह्येचं आसंल," तो म्हणाला, "पन शिवी तुजी हाय, हर्शेल. वीस वर्सं खातोय म्या. चव वळखतो."

आणि बेशिस्तीचा फाउल कोचच्या नावावर पडला. लोक हसून हसून बाकांवरून घसरले. मीही हसलो. हसता हसता माझ्या ध्यानात आलं की रेफरीची आई कोचच्या ओठांवर आलीच नव्हती. त्या वक्ताला कोच रुमालात खोकत होता.

मी कुणाला बोललो नाही. बोलली वर्ना. पुढच्या हंगामात एका सामन्यानंतर तिनं मला व्यायामशाळेच्या भट्टीजवळ गाठलं आणि कागद पुढं धरला. नेहमीच्या फुल्या नव्हत्या. नुसत्या रेघांचे दोन रकाने होते.

"हा डेल ओरडला तो," ती म्हणाली. "एकोणचाळीस वेळा. आणि हे कोचचे ओठ हलले ते. अकरा."

"आगं, त्येला सवय झाली आसंल. कोचच्या मनातलं कळत आसंल."

"लोनी, तुझ्या बायकोच्या मनातलं तुला चाळीस वर्षांत कळलं का?"

मी भट्टीत फावडंभर कोळसा सारला.

"मलाही तसंच वाटलं असतं," वर्ना म्हणाली. "पण त्या अकरातल्या सात वेळा डेल आधी ओरडला. ओठ नंतर हलले."

आम्ही जिंकत होतो. जिंकणाऱ्या संघात असल्या रेघांना कोण विचारतो? अध्यक्षांनी घड्याळ कपाटात ठेवलं ते ठेवलंच. मग एका संध्याकाळी डेलनं आपल्या ओसरीतून लेकीला जेवायला हाक मारली. लेक आली नाही. दोन मैलांवरून, मधला ओढा पोहून, ओल्या अंगानं बेल आणि ड्रमर आली, आणि डेलच्या पायांशी मान खाली घालून बसली.

आणि त्यानंतरच्या रविवारी जे झालं ते साऱ्या चर्चनं बघितलं. आमच्या पाळकांनी, एस्टिलदादांनी, प्रार्थना संपवून डेलकडं मान हलवली. डेल उभा राहिला. पुस्तक उघडलं, तोंडही उघडलं, आणि तो थांबला. मान हळूहळू उजवीकडं कलली, कान वाकला, बाकावर वाकायचा अगदी तसा. उजवीकडं रिकामी भिंत होती. कोच कधी चर्चची पायरी चढला नव्हता. बायकोला, ओपलबाईंना, दाराशी सोडून तो बाहेर ट्रकमध्ये बसून राहायचा. डेल त्या भिंतीकडं कान लावून उभाच. म्हाताऱ्यांनी ओळ ओढायला छातीत भरून घेतलेला श्वास तसाच सोडला. शेवटी एस्टिलदादांनीच कशीबशी ओळ दिली.

बाहेर मी त्याला गाठलं. "काय झालं रं?"

"आवाज न्हाय आला," तो म्हणाला. म्हणाला तोही कोचच्या घशातून. "लोनी, माज्या तोंडात मला जागाच ऱ्हायली न्हाई."

"मग सोड की ह्ये काम."

"म्या सोडलं तर त्यो मुका व्हतो."

"आन न्हाय सोडलंस तर तू."

त्यानं ट्रककडं बघितलं. काचेआड कोच बसला होता आणि आमच्याकडं बघत संथपणे तोंड हलवत होता. तंबाखू चघळत असेल. डॉक्टरांनी तंबाखू बंद करून तीन वर्षं झाली होती.

डेलनं सोडलं नाही. कोचचा गळा गेल्यापासून अशी सात वर्षं गेली. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसून नुसता ऐकायचा.

अडतिसाव्या वर्षी, ऑगस्टात, ओसरीवर ओपलबाईंबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता कोच गेला. ओपलबाई म्हणाल्या, "मला वाटलं, डुलकी लागली. मी पाटीभर शेंगा सोलल्या तवर."

मयत चर्चमध्ये ठेवलं. आमच्यात शवपेटीचं झाकण उघडं असतं. चारशे माणूस होतं, त्यांतले निम्मे कधीतरी माझ्या पट्टीत घोटे घालून खेळलेले. ओपलबाई डेलपाशी गेल्या. "डेल, ओळ तूच दे. तू त्याचा गळा हुतास."

नाही कसं म्हणणार? तो पेटीच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं. काही नाही. माणसं वाट बघत राहिली. कुणाचं तरी मूल रडलं आणि गप्प झालं. वर्नानं माझं मनगट धरलं.

डेल वाकला. पेटीत वाकला, कोचच्या तोंडाला कान लावला, आणि तसाच थांबला. एक लांब वाक्य ऐकायला लागतो तेवढा वेळ. मग सरळ झाला आणि त्यानं ओळ दिली. 'पलीकडं दिवा दिसतो, मला एकट्याला सोडू नका' अशी काहीतरी. आमच्या पुस्तकात ती ओळ नाही, मी नंतर पानन् पान शोधलं. आवाज हर्शेल स्टँपरचा होता. गाठीच्या आधीचा, भरदार, घळीपार जाणारा.

आणि लोकांनी ती ओढली. काय करणार? दिलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. चारशे माणसं ती ओळ लांबवत होती आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बाहेर ट्रकला बांधलेली बेल आणि ड्रमर ओरडू लागली. रडल्यासारखी नव्हेत. रॅकून झाडावर चढल्यावर मालकाला कळवायला ओरडतात, तशी.

मयतीच्या जेवणाला तळलेली कोंबडी होती, मक्याची जाड भाकर होती. मी माझं ताट बेल आणि ड्रमरपुढं ठेवलं.

ऑक्टोबरात डेल कोच झाला. ओपलबाईंनी कुत्री माझ्या गळ्यात घातली होती. आता डेल खुर्ची गळ्यात घालायला आला.

"लोनी, तू बस हितं. सरावापुरतं. नुस्तं व्हट हालीव."

"आरं, मला घोट्याच्या वर काय कळतं का खेळातलं?"

"तुला कळायची गरज न्हाय. मला उजवीकडं कुनीतरी लागतंय. न्हायतर शब्दच निगत न्हाय." त्याचे डोळे बघवत नव्हते. "येकडाव बस गड्या."

दुपारचे तीन वाजले होते, खिडक्यांतून ऊन आत पडलेलं. मी बसलो. खुर्चीत गारवा होता, ओढ्यातल्या दगडासारखा. पोरं खेळू लागली. मी मनात दुपारच्या भाकरीचा विचार करत ओठ हलवत राहिलो. डेल वाकून ऐकायचा आणि गरजायचा, आणि पोरं गरजेल तशी धावायची. थोड्या वेळानं तो खूश होऊन म्हणाला, "त्यो शेवटचा डाव बेस सांगितलास."

"म्या काय बी सांगितलं न्हाय."

म्हणताना माझा शब्द अडखळला. गालात काहीतरी होतं. जीभ एका कुशीवर होऊन, बार सारावा तशी, गालात दाबून बसली होती. जिभेवर कडू रस आला होता. मी जन्मात तंबाखूला शिवलेलो नाही. आमच्या बापानं तसं वचन घेतलं होतं.

मी उठलो. खुर्ची घडी केली, काखोटीला मारली आणि चालू लागलो.

"लोनी! ठिव ती खाली!"

व्यायामशाळेतली पंधरा पोरं जाग्यावर थिजली. हाळी स्टँपरची होती. माझी मान खाली गेली, पाय वळलेसुद्धा. एकोणतीस वर्षांची सवय. मला सोडवलं ते वर्नानं. ती बाकाच्या टोकावरून, कागदातून मान वर न काढता म्हणाली, "लोनी, दार उजवीकडं आहे."

मी खुर्ची नेली.

पहिला सामना आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. अर्ध्या वेळापर्यंत डेल तोंड उघडून मिटत होता. मान उजवीकडं कलायची, मी आणि वर्नानं आळीपाळीनं त्याची कॉलर धरून ती सरळ केली. पोरं बावचळून बाकाकडं बघत होती. लोकांनी "खाली बसा" ओरडायला सुरुवात केली. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आमच्या एका पोराच्या हातून चेंडू निसटला, आणि डेलच्या घशातून कोंबडीच्या मानेवर पाय दिल्यासारखं काहीतरी आलं.

"पोरांनो, जरा मागं सरता का?"

बाकावरची पोरं फिसकन हसली. डेलही हसला, आणि मग तो रडला. सामना संपेपर्यंत तो त्याच आवाजात केकाटत होता आणि एकही पोरगं त्याचं ऐकत नव्हतं. त्या वर्षी आम्ही चारच सामने जिंकले. पुढच्या वर्षी सहा. अध्यक्षांनी त्याला तिसरं वर्ष दिलं नाही. आता तो शाळेत भूगोल शिकवतो आणि रविवारी ओळ देतो. म्हाताऱ्या पुन्हा डोळे पुसतात. मागच्या रविवारी त्याची मान एकदा उजवीकडं गेली, पण ती माशी होती. मी बघितली.

खुर्ची माझ्या गोठ्यात आहे. जाळणार होतो, पण मयतीवाल्यांची चीज, जाळू नये म्हणतात. त्यांनी परत घ्यायला नकार दिला. घडी करून भिंतीला टेकवून ठेवतो. सकाळी धारा काढायला जातो तर ती उलगडलेली असते. बेल आणि ड्रमर तिच्यासमोर बसलेली असतात, कान टवकारून. मग कुणी काही न म्हणता दोन्ही एकदम उठतात आणि डोंगराकडं सुटतात.

संध्याकाळी मी हाका मारून दमतो. माझ्या हाकेला ती येत नाहीत. त्यांची वेळ झाली की येतात, खाली मान घालून.