मक्रोणीचे गव्हले

समोरच्याचा तळहात ओढून घ्यायचा, त्यावर काहीतरी ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, ही आमच्या शेजारच्या काकूंची सवय. "खाऊन तर बघा, बाई," म्हणायच्या. चिकूची फोड असो की तळलेल्या बोंबलाचा तुकडा, घास गिळेपर्यंत सुटका नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या पोटाची काळजी आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त.

मी तेव्हा डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. काकूंची चिकूची वाडी आमच्या कुंपणाला लागून. त्या विधवा, एकुलता एक मुलगा विलायतेत. त्याने तिथलीच मुलगी केली होती आणि ती त्या हिवाळ्यात वारली. सहा वर्षांच्या लेकीला घेऊन तो रजेवर आला आणि आईला म्हणाला, "ही इथे जेवायखायला लागली तर तुझ्याकडे ठेवतो. नाहीतर तिकडे बोर्डिंग आहेच."

पोरगी काही खाईना. भात सरकवायची, घावन सरकवायची आणि एकच शब्द म्हणायची, "मॅकरोनी."

"बाई, ही मक्रोणी काय असते ती नीट सांगा," काकूंनी मला बोलावून घेतलं. मुलाने आणि मी मिळून सांगितलं: पिठाच्या पोकळ नळ्या, दुधात मैदा घालून दाट केलेली पेज, वर चीज, मग भट्टीत भाजायचं.

काकू एकदम खुलल्या. "म्हणजे गव्हलेच की!"

लग्नघरी खिरीसाठी गव्हले वळावेत ते काकूंनीच. पण कपाळ पांढरं झाल्यापासून त्या कामाला त्यांना कुणी बोलावत नव्हतं. मला त्याचा अजूनही राग येतो. आता त्या दुपारभर ओटीवर बसून नारळाच्या काडीभोवती कणीक गुंडाळून नळ्या सोडवत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या.

पहिल्या खेपेला घात झाला. गव्हले म्हटल्यावर हात आपोआप गुळाकडे गेला आणि दूध फाटलं. मी कपाळावर हात मारला. काकू पातेल्यात वाकून म्हणाल्या, "चीज म्हणजे फाटलेलं दूधच ना? मग अर्धं काम झालं की!"

मुलाने मुंबईहून चीजचा डबा आणला. दुसऱ्या खेपेला थाळा पदराखाली झाकून आम्ही दोघी स्टेशनजवळच्या इराण्याच्या बेकरीत गेलो.

"माजी, आ शुं छे? पाव के खीर?" त्याने विचारलं.

"नातीचं जेवण हाय. करपवू नको," काकूंनी दम भरला.

वर छान तांबूस पापुद्रा आला. घरी पोरीने आधी वास घेतला. एक घास खाल्ला, मग दुसरा. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात पोरगी उठली, एक रिकामी ताटली घेऊन आली, तीत वाढलं आणि शेजारच्या जागेवर ठेवली. मग दाराकडे बघत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"मम्मी कधी येणार, विचारते," मी सांगितलं.

मुलगा उठून मागीलदारी निघून गेला. "सांगा ना तिला काहीतरी, बाई," काकू मला विनवू लागल्या. इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या मला एक वाक्य सुचलं नाही. ताटलीतलं निवून घट्ट झालं. त्यानंतर पोरीने मक्रोणीलाही हात लावला नाही.

रजा संपली. डहाणू रोडच्या फलाटावर, पोरगी गाडीच्या खिडकीशी बसल्यावर, काकूंनी मला बाजूला ओढलं.

"'जाऊ नको'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

"डोन्ट गो."

"डोन गो. डोन गो. नाय जमत बाय," म्हणत, ओठांतल्या ओठांत घोकत त्या खिडकीशी गेल्या. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. काकू नुसत्या तिच्या फ्रॉकची कॉलर सारखी करत राहिल्या. गाडी हलली तशी कॉलर हातातून सुटली.

शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डोन्ट गो."

उच्चार अगदी बरोबर होता.