टोपीशिवाय सॅल्यूट नाही

आम्ही चार मराठी डॉक्टर जमलो की हॉस्पिटलचे किस्से निघतात. माझे मात्र मेजर हार्डिंगवर येऊन थांबतात, आणि थांबतात म्हणजे तिथेच मुक्काम करतात! सत्तर साल उजाडायच्या सुमाराला मी इंग्लंडात मेडनहेडला राहायचो आणि जवळच्या एका लष्करी अकादमीत डॉक्टर होतो. मेजर तिथला रग्बीचा सर्वेसर्वा. युनिव्हर्सिट्या पालथ्या घालून चांगले खेळाडू अकादमीत आणायचे, हे त्याचं काम. त्यांची मेडिकल माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी मी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. कॉलेजात एन.सी.सी. केली होती ना! तो माझ्या उघड्या डोक्याकडे बघतच राहिला.

"डॉक्टर, टोपीशिवाय सॅल्यूट नाही. आणि सिव्हिलियनला तर आम्ही सॅल्यूट देतही नाही, त्याचा घेतही नाही!"

"मग मी काय करू?"

"गुड मॉर्निंग म्हणा!"

*

दरवर्षी नेव्हीच्या कॉलेजशी मॅच व्हायची आणि दरवर्षी आम्ही मार खायचो. एकदा मेजर मला वेल्समधल्या एका युनिव्हर्सिटीची मॅच बघायला घेऊन गेला. मॅच संपल्यावर सगळे जिंकलेल्यांकडे धावले, हा हरलेल्यांकडे.

"जिंकल्यावर सगळेच सज्जन असतात हो!"

हरलेल्यांत टॉम प्रिचर्ड होता. स्वतःच्या नाकातून रक्त गळतंय, आणि हा गडी समोरच्या टीममधल्या लंगडणाऱ्या पोराला पाठुंगळी घेऊन त्यांच्या बसपर्यंत सोडायला निघालाय! मेजरने माझा दंड घट्ट धरला. "हा पाहिजे."

*

पण टॉमची आई! तिचा भाऊ युद्धात मारला गेलेला, सैन्याचं नावही तिला नको. मेजर तिच्याकडे जात राहिला. लष्कराचं अवाक्षर नाही. चहा प्यायचा, कप विसळायचा, निघायचं. शेवटी तीच वैतागली.

"मेजर, विचारून टाका ना एकदाचं!"

"मी कशाला? तुम्हीच टॉमला विचारा."

तिने विचारलं. पोराला लहानपणापासून सैन्यातच जायचं होतं, आईपुढे बोलायची छाती नव्हती! नव्वद किलोचा गडी, ढसाढसा रडला म्हणे. हे मेजरला आधीच कसं कळलं होतं, देव जाणे.

*

मेडिकलच्या आदल्या रविवारी मेजरला आणि टॉमला घरी जेवायला बोलावलं. टॉमला शिकवण अशी की ताटात काही टाकायचं नाही. माझ्या बायकोला, सुमतीला, शिकवण अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. झालं! तो पुरी संपवतोय, ही वाढतेय. तो घामाघूम, ही खूश.

मी हळूच म्हटलं, "अगं, पुरे आता."

"अहो, काहीतरीच काय! वाढत्या अंगाचा मुलगा आहे. टॉम, वन मोअर?"

"यस प्लीज, मिसेस जोशी."

शेवटी कणीक संपली. मेजर टेबलावर थाप मारून ओरडला, "मिसेस जोशी, यू लॉस्ट!"

*

दुसऱ्या दिवशी टॉमच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदयाच्या ठोक्यांमागे बारीकसा आवाज येत होता. लंडनच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं, त्यांनीही तेच सांगितलं. सैन्य नाही. रग्बीसुद्धा नाही.

मेजर मध्ये एक शब्द बोलला नाही. नेव्हीची मॅच तोंडावर आली होती, तरी नाही. टॉमला पुन्हा एकदा तपासून मीच सांगितलं. त्याने शर्टाची बटणं लावली, उठला आणि माझा हात हातात घेतला.

"डॉक्टर, हे सांगायची वेळ तुमच्यावर आली, सॉरी. मिसेस जोशींना सांगा, पुऱ्या फार छान होत्या."

तो बाहेर पडला आणि समोरच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिला. मेजर माझ्या खिडकीशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. लांबून बस येताना दिसली.

मेजर तरातरा बाहेर गेला. अर्ध्या वाटेवरून परत आला, खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली आणि पुन्हा गेला.

बस वळणाआड जाईपर्यंत त्याचा हात कपाळावरून खाली आला नाही.