आपल्या पोराला मत

नवऱ्याने घरासमोरच्या लॉनवर प्रचाराची पाटी रोवली तेव्हा मी आत भांडी लावत होते. पाटीवर नाव होतं ते आमच्याच ओळखीतल्या मुलाचं. त्याचे आई-वडील नागपूरचे, आमच्या थोडे आधी इथे टेक्ससमध्ये अर्विंगला आलेले. तो आणि माझी मुलगी मी घ्यायचे त्या रविवारच्या मराठी वर्गात एकत्र होते. वर्ग सुटला की दोघं आमच्याकडे यायची आणि हा माझ्या हातची बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून उभ्याउभ्याच खायचा. आता तो वकील झाला होता आणि राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभा होता. ग्रोसरीच्या दुकानात, देवळात, जो भेटेल तो म्हणत होता, "आपलं पोर उभं आहे!"

आनंद मलाही झाला होता. पण आदल्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेत एक माणूस पिस्तूल घेऊन शिरला होता. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. घटस्फोटाच्या भांडणात बायकोला शोधत आलेला कुणाचा तरी बाप होता तो. पोलिसांनी त्याला ऑफिसातच धरलं, गोळी सुटली नाही, म्हणून त्याची धड बातमीही झाली नाही. तोवर माझी मुलगी वर्गातल्या पोरांना घेऊन सामानाच्या खोलीत अंधारात बसून होती. एकाच्या बुटांत पाय हलला की लागणारे दिवे होते. तिने ते बूट काढून घेतले आणि त्यांच्यावर बसली. हे तिने मला एकदाच सांगितलं, गाडी चालवताना, समोर बघत. नंतर मी विषय काढला की म्हणायची, "आई, प्लीज. नॉट अगेन."

नवऱ्याने त्या मुलाला आमच्या घरी चहाला बोलावलं, सोबत आसपासची मराठी कुटुंबं. मी साबुदाणावडे तळले. तो आला, सगळ्या मोठ्यांच्या पाया पडला आणि इंग्रजीत सुरेख बोलला. रस्ते, शाळा, घरावरचे कर. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले.

"माझ्या मुलीच्या शाळेत काय झालं ते तुला माहीत आहे. बंदुकांबद्दल तू काय करणार?"

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्यांसमोर ताट आपटलं होतं.

तो मुलगा जराही गडबडला नाही. शिक्षकांबद्दल त्याला किती आदर आहे ते त्याने सांगितलं. मग म्हणाला, खरा प्रश्न मानसिक आरोग्याचा आहे, शाळांची दारं मजबूत करायला हवीत, आणि कायदा पाळणाऱ्या माणसाच्या हक्काला तो कधीही हात लावणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांतल्या बहुतेकांची मुलं इथल्याच शाळांत जातात.

नंतर तो कपबश्या घेऊन स्वयंपाकघरात आला. माझ्या जवळ येऊन, हळू आवाजात, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "काकू, मनातून मी तुमच्याच साइडला आहे. खरंच. पण इथे असं बोललो तर संपलं. आधी जिंकू दे ना मला."

"आणि जिंकल्यावर?"

"मग बघू. परत इलेक्शन असतंच ना, काकू."

वर्गात मी त्याला हीच भाषा शिकवली होती. तिच्यात तो मला खरं सांगत होता, कारण ते त्या स्वयंपाकघराबाहेर कुणाला कळणार नव्हतं.

त्याच्याविरुद्ध शाळेतली एक निवृत्त नर्स उभी होती. कोरडी बाई. आमच्या कार्यक्रमांना कधी आली नाही, आमची आडनावं तिला उच्चारता आली नसती. पण बंदूक विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी, घरातली बंदूक कुलपात असावी, हे ती जाईल तिथे सांगत होती. टाळ्या मिळत नव्हत्या तिथेही.

"ती आपली कोण?" नवरा म्हणाला. "आपल्यातला एक जण तिथे बसला तर उद्या आपलं ऐकणारा कुणी असेल."

"ऐकलं ना त्याने," मी म्हटलं. "सगळं ऐकून घेऊनच तो तसं बोलला."

पाटी त्याने काढली नाही. मीही काढली नाही. मतदानाच्या दिवसाआधीच, अर्ली व्होटिंगला, आम्ही एकाच गाडीतून लायब्ररीतल्या केंद्रावर गेलो आणि वेगवेगळ्या माणसांना मत देऊन आलो. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो मुलगा निवडून आला, तेही आरामात. इथल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. मला पाहताच त्याने मिठी मारली. "काकू, थँक यू! तुमच्यामुळे झालं."

"मी तुला मत दिलं नाही," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, त्याला लागेल. निदान चेहरा तरी पडेल. तो हसला आणि माझा दंड थोपटत म्हणाला, "इट्स ओके, काकू. तुमच्यासारखी मतं आम्ही हिशेबात धरलीच नव्हती." मग पुढच्या माणसाकडे वळला. मी तिथेच उभी राहिले. कुणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला आणि मी तो खाल्लाही, कारण आजूबाजूला सगळे बघत होते.

त्याच्या पहिल्याच अधिवेशनात बंदूक घेणाऱ्यांच्या तपासणीचं एक बिल आलं. त्याने विरोधात मत दिलं. नवऱ्याने फोनवर ती बातमी वाचली आणि मला न दाखवता फोन उपडा ठेवला.

उन्हाळ्यात मुलीने शाळा सोडली. आता ती घरी बसून एका विमा कंपनीसाठी प्रशिक्षणाचे धडे लिहिते. पगार जास्त आहे. "बरं झालं, सुटली एकदाची," नवरा म्हणाला. मीही मान डोलावली. त्या अंधारात तिच्यासोबत बसलेली पोरं मात्र त्याच इमारतीत तिसरीत गेली.