कुमुदची चादर आणि ताईची शांतता

माझी बायको कुमुद मंगळवारी सकाळी गेली. बुधवारी गॅसची टाकी संपली. टाकी कशी बदलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगायचो. स्वतःच्या घरात साखर कुठे आहे हे मात्र चौथ्या दिवशी कळलं. (मिठाच्या शेजारी. तीन दिवस मी खारट चहा प्यायलो आणि दुःखात चव जाते असं समजत होतो.)

तीन महिने मी पुस्तक उघडून बसायचो. पान तेच असायचं. माझी थोरली बहीण फ्रीगंजातल्या तिच्या घरून रोज डबा घेऊन येते. एक दिवस तिनं ते पान ओळखलं.

"बाळू, तुला निसर्गात बसवायला पाहिजे."

जणू मी लोणच्याची बरणी होतो आणि मला ऊन दाखवायचं राहून गेलं होतं!

"या विषयावर मी वाचलंय, ताई."

"वाचून नाही होत रे ते! बसावं लागतं. मोबाइलवर एक बाई सांगते, झाडाखाली वीस मिनिटं, मुँह बंद, डोळे बंद. एकदम शांती!"

रविवारी सकाळी आम्ही ऑटोनं गावाबाहेर भैरवगढला गेलो. क्षिप्रेच्या काठी करंजाचं झाड होतं. खाली अंथरायला मी पलंगावरचीच चादर आणली होती. ती कुमुदनं एकोणीस वर्षांपूर्वी इथल्याच छिपांकडून, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्यांकडून, घेतलेली. कुमुद गेल्यापासून मी ती धुवायला टाकली नव्हती. घरी ठेवून यायला मन होईना, एवढंच.

मी डोळे मिटले.

"ऐक," ताई म्हणाली, "किती शांतता आहे! ऐकू येतेय? ही शांतता आपल्या फ्रीगंजात मिळणार नाही. तिथे तर सकाळपासून हॉर्न. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईचा मिक्सर! बाळू, तू ऐकतोयस ना शांतता?"

"ऐकतोय, ताई."

अकराव्या मिनिटाला निसर्ग माझ्या पायजम्यात शिरला. लाल मुंग्या! मी उभा राहिलो, नव्हे, उडालो. साठी उलटलेला माणूस एवढा उंच उडू शकतो हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ताईनं पोह्यांचा डबा उचलला, मग मला झटकलं. (हा क्रम मी विसरलेलो नाही.)

चादरीतही मुंग्या होत्या. काठावर छिपांच्या चादरी वाळत पडल्या होत्या, लांबच लांब रांगेत. ताई म्हणाली, "तिथेच पसर ना उन्हात. मुंग्या आपोआप जातील. तोवर पोहे खाऊ." मी रांगेच्या टोकाला, चारही कोपरे नीट ताणून, आमची चादर पसरली. वर्गवारीची सवय. एकसारख्या वस्तू एका जागी!

पोहे खाऊन परत आलो, तर काठ रिकामा.

"ताई, चादर?"

"अग बाई! रांगच गेली!"

आम्ही धावलो. म्हणजे ताई धावली. मी एका पायात चप्पल, एका पायात मुंगी अशा अवस्थेत मागे. काठावरच्या छिपांच्या कारखान्याच्या अंगणात भल्यामोठ्या कढईत लाल रंग उकळत होता आणि एक म्हातारे चाचा काठीनं चादरी ढवळत होते.

"भाईसाहब, हमारी चादर!" ताई ओरडली.

"इसमें पचास हैं, बहनजी. आपकी कौन सी?"

"इनसे पूछिए. इनकी है."

"छापा कैसा था, बाबूजी? बेल? बूटी? कैरी?"

मी कढईत डोकावून बघितलं.

"अरे सांग ना!"

"फूल... था. शायद."

"एकोणीस वर्षं झोपलास तिच्यावर!"

"डोळे मिटून झोपायचो, ताई!"

चाचांनी काठी थांबवली. माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. ताई हळूच म्हणाली, "भाभी की थी. अब वो नहीं हैं."

चाचांनी एकेक चादर काठीनं उचलून नदीवर नेली, खळबळून काढली, काठावर पसरली. सगळ्या लाल. मी रांगेतून वाकून फिरू लागलो. कैरीच्या आत आणखी एक कैरी असते. वेलीचं प्रत्येक पान पुढच्या पानाला टेकलेलं असतं. हे सगळं रोज रात्री माझ्या पाठीखाली होतं आणि मी छताकडे तोंड करून वाचत होतो. एकही चादर ओळखीची वाटेना. ताई मागून म्हणायची, "ही?" मी म्हणायचो, "नाही. बहुतेक."

एक्केचाळिसाव्या चादरीवर उशीच्या बाजूला एक गोल होता. गर्द, काळपट, कपाच्या बुडाएवढा.

तो माझा होता. पलंगावर वाचता वाचता मी कप थेट चादरीवर ठेवायचो. "बशी कशासाठी असते हो?" कुमुद विचारायची. तिनं त्या डागाला लिंबू लावलं, सोडा लावला, शेवटी हात जोडले.

"ये है," मी म्हणालो.

चाचा वाकले. "चाय का है? फिर तो नहीं जाएगा. रंग को और पकड़ लेता है." मग संकोचून म्हणाले, "नई ले जाइए, बाबूजी. गलती हमारी है."

"नहीं. यही."

मी ओल्या वाळूत चादरीजवळ बसलो. नाक लावून बघितलं. नदीचा आणि रंगाचा वास आला, दुसरा नाही. ताई शेजारी येऊन बसली. समोर पाणी जात होतं, पलीकडे एक बगळा उभा होता. चादर वाळेपर्यंत ताई एक शब्द बोलली नाही. मी तिला जन्मापासून ओळखतो. असं पूर्वी झालेलं नाही.

मग ती उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "बघ! म्हटलं होतं ना, वीस मिनिटं!"

चादरीचा रंग अजून थोडा जातो. आता माझ्याकडे एक लाल चादर आहे, सात गुलाबी बनियन आहेत आणि बशी आहे. बशी मी वापरतो.