साहू सेठचा पंखा आणि शुभांगीची लाल पट्टी

साहू सेठच्या गाडीच्या स्टिअरिंगवरची लाल पट्टी मी सोडली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. वर्कशॉपमध्ये सगळे समजतात की ती शुभांगीनं सोडली. शुभांगीही तसंच समजते.

मी तेव्हा भोपाळच्या एका मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायजर होतो. म्हणजे गाडी घेऊन येणाऱ्याशी बोलणारा माणूस. त्याची तक्रार मेकॅनिकच्या भाषेत आत न्यायची आणि आतलं उत्तर त्याला झेपेल अशा भाषेत बाहेर आणायचं. हात काळे होत नाहीत, तोंड दिवसभर चालतं. शुभांगी आमची डायग्नोसिस इन्चार्ज. इंजिनिअर, माझ्याहून बरीच लहान, आणि जिभेची तिखट. तिला काही येत असलं की ते येतं असं ती मोकळेपणी सांगायची. काहींना ते खुपायचं. मलाही थोडं खुपायचं.

साहू सेठ करोंद मंडीतले धान्याचे व्यापारी. आले तेच वैतागून.

"भाईसाहब, चाबी घुमाओ और पंखा चालू। इंजन ठंडा, सुबह ठंडी, फिर भी घर्र-घर्र। मोहल्ले वाले पूछते हैं, सेठ, गाड़ी में आटा चक्की लगवा ली क्या?"

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन तापतं, त्यातून पाणी फिरतं, ते पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये थंड होतं. गाडी पळत असली की समोरचा वाराच ते काम करतो. गाडी उभी असली की वारा नाही, मग रेडिएटरमागचा पंखा लागतो. पाणी किती तापलंय हे एक छोटा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर पंखा सुरू-बंद करतो. थंड इंजिनवर पंखा चालत राहणं म्हणजे या साखळीत कुठेतरी गडबड.

साहू सेठ आमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकानं रिले बदलला होता. रिले म्हणजे पंख्याचा आतला स्विच. दुसऱ्यानं सेन्सर बदलला होता. पंखा चालूच.

आमचा इरफान मेकॅनिक बोनेटमध्ये डोकावून म्हणाला, "मैडम, क्यों दिमाग खपा रही हो? डैशबोर्ड पे एक बटन लगा देते हैं। सेठ जी जब मन करे चालू, जब मन करे बंद।"

"और सेठ जी बटन भूल गए तो? इंजन तेरे घर भिजवा दूँ?"

"अरे नहीं खां, घर में पहले ही जगह नहीं है," असं भोपाळी थाटात म्हणत इरफान हसत बाजूला झाला.

शुभांगीनं स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला काय दिसतंय ते आपल्याला दाखवणारं यंत्र. तिनं मला हाक मारली.

"देवघरे भाऊ, इकडे या. साहू सेठचं इंजिन कुठंय सांगा बरं."

स्क्रीनवर पाण्याचं तापमान उणे चाळीस होतं.

"हिमालयात," मी म्हणालो.

"बरोबर. आता सेठना हे कसं सांगाल?"

 मग तिनंच सांगितलं, आणि ते मी नंतर शेकडो ग्राहकांना माझं म्हणून सांगितलं आहे. ती म्हणाली, "असा आकडा दिसला की समजायचं, सेन्सरचा निरोपच पोचत नाहीय. घरात थर्मामीटर मोडलाय आणि पोर कुरकुरतंय, तेव्हा आई काय करते? ताप आहेच असं धरते आणि मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसते. हा कॉम्प्युटर तेच करतोय. माहिती तुटली की वाईटातलं वाईट धरून चालायचं, म्हणजे निदान इंजिन तरी वाचतं. भाऊ, पंखा बिघडलेला नाही. तो शहाणा आहे."

तिचं काम बघण्यासारखं असायचं. बहुतेक ठिकाणी एक भाग बदलतात, बघतात, मग दुसरा बदलतात. ती गाडीला प्रश्न विचारायची. तिनं सेन्सरचं कनेक्टर काढलं आणि त्याच्या दोन टोकांना एक तारेचा तुकडा जोडला. वायर धड असेल तर स्कॅनरवरचा आकडा एकदम उकळत्या पाण्याच्याही वर उडायला हवा. उडाला नाही. मग ती वायर बोटांनी हलकेच वाकवत मागे मागे गेली, डोळे स्क्रीनवर. बॅटरीच्या मागे बोट पोचलं आणि आकडा धाडकन वर गेला. बोट काढलं, पुन्हा उणे चाळीस.

"इथं," ती म्हणाली. "वरचं आवरण शाबूत आहे, आतली तार तुटलीय. कोणीतरी मोठी बॅटरी बसवली आणि पट्टा वायरवरच आवळला."

दोन वर्कशॉप जिथे फसली तिथे तिचं बोट जाऊन थांबलं.  इरफाननं कान पकडले.

ती वायर बदलायला बॅटरी आणि ट्रे काढावा लागणार होता आणि योग्य पिना बाजारातून आणायच्या होत्या. तोवर पंखा बॅटरी खाऊ नये म्हणून तिनं पंख्याचा रिले उपसून ठेवला. आणि स्टिअरिंगला स्वतःची लाल पट्टी बांधली.

ही पट्टी तिनंच आमच्याकडे आणलेली. तिचे वडील इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन, घर सोनागिरीत. कारखान्यात कोणी मशीनमध्ये हात घालण्याआधी त्यावर आपल्या नावाचा टॅग लावतो, आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी साहेबानं हात लावायचा नाही. शुभांगीनं तेच आमच्याकडे कापडाच्या पट्ट्यांनी सुरू केलं. प्रत्येकाच्या नावाची पट्टी, भिंतीवर प्रत्येकाचा खिळा. गाडी अर्धवट असेल तर पट्टी स्टिअरिंगवर. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. नंतर ती अशी अंगवळणी पडली की दुसऱ्याच्या पट्टीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातलं खाणं, असं झालं.

शुभांगीला आईचा फोन आला. बोलत बोलतच ती पिना आणायला स्कूटरवरून गेली.

आणि साहू सेठ आले. गव्हाची आवक सुरू झाली होती, मंडीत बोली लागायची होती, ड्रायव्हर भलतीकडेच अडकला होता. स्कॅनरसाठी चावी फिरवलेलीच होती; त्यांनी बोनेटकडे कान दिला. "बंद है! वाह! हो गया ना? चाबी दीजिए।"

मी म्हणायला हवं होतं, काम बाकी आहे. पण "नाही" म्हणणं हे माझ्या धंद्यात सगळ्यात अवघड काम, आणि माझ्या स्वभावातही. मी मनात हिशेब केला. सकाळची वेळ, जवळचा रस्ता, चालत्या गाडीला पंखा लागतच नाही. दुपारी परत बोलावू. "दो मिनट, सेठ जी," म्हणून मी आत गेलो, कोणाचं लक्ष नव्हतं, पट्टी सोडली, बॅटरीवरचं झाकण बसवलं, बोनेट लावलं. पट्टी हातात होती. ती मी तिच्या खिळ्याला अडकवली. मुद्दाम नाही. वस्तू जागच्या जागी ठेवायची हाताची सवय.

पण गव्हाच्या दिवसांत करोंदला गाड्या चालत नाहीत, उभ्या असतात. ट्रॉलीमागे ट्रॉली. भोपाळमध्ये जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. साहू सेठ त्या रांगेत अडकले. डॅशबोर्डवरचा काटाही त्याच सेन्सरवर चालतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत थंडच दाखवत राहिला. मग बोनेटमधून वाफ आली.

हेड गॅस्केट गेली. म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सील जळाली आणि वरचा भाग वाकला. गाडी ऐन हंगामात अंथरुणाला खिळली.

मालक मालवीयजींनी सगळ्यांना बेमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात त्या जागेत, बोलावलं. त्या दिवसांत अवधपुरीला नवीन शाखा उघडायची होती आणि तिची इन्चार्ज शुभांगी होणार हे जवळजवळ ठरलं होतं. मालवीयजी ओरडत नसत. हळू बोलत, ते जास्त लागायचं.

"गाड़ी बिना पंखे के बाहर कैसे गई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चावी मी दिली होती.

मी म्हणालो, "मैंने देखा तब पट्टी नहीं थी, साहब।"

एवढंच. एक वाक्य.

शुभांगी भिंतीपाशी गेली. खिळ्यावरची आपली पट्टी तिनं हातात घेऊन पाहिली. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळणार.  ती वळली मालवीयजींकडे.

"सर, गलती मेरी है। मैं फ़ोन पर थी, ध्यान नहीं रहा होगा। आदत से पट्टी खोलकर टाँग दी होगी।"

"तुम्हें याद है, तुमने खोली?"

"याद नहीं। पर यहाँ कोई दूसरे की पट्टी नहीं खोलता। तो मैंने ही खोली।"

तिच्याकडे माहिती नव्हती, म्हणून तिनं स्वतःबद्दल वाईटातलं वाईट धरलं. तार मी तोडली होती.

त्यानंतर ती जे वागली ते मी रोज आठवतो. ती त्याच दुपारी करोंदला गेली, मला बरोबर घेऊन. गोण्यांच्या थप्पीत बसलेल्या साहू सेठसमोर उभी राहून म्हणाली, गाडी माझ्या चुकीनं बंद पडली, मीच ती उभी करून देणार, आणि तोवर रोज सकाळी आमची गाडी तुम्हाला घ्यायला येईल. सेठ आधी तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकत राहिली. मी मागे उभा, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. शेवटी सेठ दमले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "बिटिया, उमर निकल गई मंडी में। आज तक किसी को अपनी ही तराज़ू खोटी कहते नहीं सुना। जाओ, बनाओ गाड़ी।"

परतताना गाडीत ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही आलात म्हणून धीर आला."



हेड, म्हणजे इंजिनचा तो वाकलेला वरचा भाग, मशीनवर घासून सरळ करून आलं. ते बसवताना प्रत्येक बोल्ट तिनं स्वतःच्या देखरेखीत आवळून घेतला. तुटलेली वायर बदलली आणि नवी वायर बॅटरीच्या पट्ट्यापासून लांब, वेगळ्या वाटेनं नेली. मग गाडी उभी ठेवून इंजिन तापू दिलं. काटा मध्यावर आला, पंखा सुरू झाला. पाणी निवलं, पंखा थांबला. साहू सेठ लहान मुलासारखे बोनेटला कान लावून उभे होते. "बंद हुआ! अपने आप बंद हुआ!" आज त्यांच्यामुळे मंडीतल्या निम्म्या व्यापाऱ्यांच्या गाड्या तिच्याकडे येतात.

शुभांगीनं पट्टीचा नियमही बदलला: यापुढे सोडताना दोघं हवेत, कारण "माझ्यासारखी माणसं विसरतात". हा तिनं स्वतःविरुद्ध केलेला नियम. त्यानंतर आमच्याकडून एकही अर्धवट गाडी बाहेर गेलेली नाही. दुसरा माणूस म्हणून ती बहुतेक वेळा मलाच हाक मारायची. "भाऊ, जरा या, तुमच्यावर माझा भरवसा आहे."

अवधपुरीची शाखा मालवीयजींनी मला दिली. "अनुभवी आदमी चाहिए," म्हणाले. शुभांगीनं पेढे वाटले. शाखा हवी होती म्हणून मी पट्टी सोडली नव्हती, हे खरं आहे. नंतर गप्प बसलो ते मात्र त्या शाखेसाठीच, हेही खरं आहे.

धंद्यातला धडा विचाराल तर साधा आहे. पंखा सतत चालत असेल तर त्याला गप्प करू नका. त्याला काय कळत नाहीय ते शोधा.

बाकी माझं. शुभांगी अजून जुन्याच वर्कशॉपमध्ये आहे. अवधपुरीच्या केबिनमध्ये मी बसतो. मी तिचं एक वाक्य देणं लागतो, "पट्टी मी सोडली होती", आणि ते त्याच बेमध्ये, मालवीयजी, इरफान आणि सगळ्यांसमोर. ते झालं की ही खुर्चीही. अजून दोन्ही दिलेलं नाही.