सॅक्सोफोन थांबतो ती जागा

आमच्या शेजारच्या मास्तरांइतकं गप्प बसण्याविषयी बोलणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, एसटीचे कंडक्टर. तेलगावच्या गाडीत कुणीतरी विसरलेली जॅझची एक कॅसेट, वर्षभर मालक आला नाही म्हणून, डेपोतून त्यांच्याकडे आली. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी ते तीच ऐकतात. चार वादक, चौघंही संथ. "ह्या गाडीत चौघंच हायेत अन् चौघांना खिडकी. कुणी कुणाला रेटत न्हाई," असं ते म्हणतात. लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी चहाआधी अख्खी बाजू ऐकवली. मुलाचे वडील पेंगले, तर हे खूश. "झोप लागली म्हंजी गाडी चांगली चाललीय!" लग्न जमलं.

पण त्यांचा खरा जीव एका जागेत. सॅक्सोफोन ऐन रंगात थांबतो, सगळेच थांबतात आणि आठ-दहा सेकंद काहीच नाही. मास्तरांचा हात घंटीची दोरी धरावी तसा वर जातो. "बघा. वाजवता समद्यांना येतं. असं गप बसायला लई दम लागतो."

ती जागा माझ्या हातून झालेली आहे. कॅसेट आली तेव्हा त्यांच्याकडे टेप नव्हता. चालते का बघायला मी ती घरी नेली आणि चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं; तेवढं वाजवणं पुसलं गेलं आणि त्या जागी माझ्या खोलीतली शांतता भरली गेली. परत देताना बोललो नाही. त्यांनी त्या शांततेचं कौतुक सुरू केल्यावर तर जीभच उचलेना. पंधरा वर्षं मी समोर बसून मान डोलावत आलो.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं तोच अल्बम मोबाइलवर शोधून दिला. मनाचा हिय्या करून मास्तरांकडे गेलो, लावला. ती जागा आली आणि सॅक्सोफोन न थांबता पुढे गेला, फार सुंदर गेला. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय की," मास्तर म्हणाले. "त्या शांततेत मागं यष्टीचा हॉर्न वाजतोय. आपल्या स्टँडावरचा. अमेरिकेत कुठून येती आपली गाडी?"

"मग बोलला कावून न्हाई?"

"तुमी सांगाल म्हणून थांबलतो."

मोबाइल माझ्या हातात देत त्यांनी कॅसेट लावली. "तुमचा गडी झकास वाजवतो. पर आपला थांबतो."

ती जागा आली. इतक्या वर्षांत शरमेपायी मला कधी ऐकूच न आलेला हॉर्न लांबून, अगदी बारीक वाजला. आणि मास्तरांचा हात, आता नसलेल्या दोरीकडे, हळूच वर गेला.