मणक्यातली फट आणि आमची ईश्वरी

सोनोग्राफी करता करता गप्पा मारणारे डॉक्टर गप्पा अर्धवट सोडून एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवू लागले. मला पाचवा महिना होता. या तपासणीला अॅनॉमली स्कॅन म्हणतात, म्हणजे बाळाचा एकेक अवयव नीट घडतोय का ते पाहणं.

"बाळाचा मणका कमरेच्या खाली पूर्ण मिटलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "याला स्पायना बायफिडा म्हणतात. न्यूरल ट्यूब डिफेक्टचाच हा प्रकार."

मी एवढंच विचारलं, "बाळ चालू शकेल ना?"

"आत्ता सांगता येणार नाही."

पुढचे सगळे महिने हा एकच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला होता. तुमच्यापैकी कुणी आज असंच तपासणीच्या खोलीतून बाहेर आलं असेल, तर मला जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते. गर्भ राहिला की पहिल्याच महिन्यात एक चपटी पट्टी गुंडाळली जाऊन तिची नळी होते. तीच न्यूरल ट्यूब. तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. करंजीची कड एखाद्या ठिकाणी दाबायची राहिली तर सारण बाहेर येतं, तसा आमच्या बाळाच्या मज्जारज्जूचा थोडा भाग पाठीवर पिशवीसारखा बाहेर आला होता. हे सगळं घडतं तेव्हा अनेकींना दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं.

माझे मिस्टर बालाजी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. तिथे एखादा पार्ट खराब निघाला की 'का? का?' असं विचारत मुळाशी जातात. रहाटणीच्या आमच्या घरी त्यांनी तेच सुरू केलं. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या उशिरा का सुरू झाल्या? दवाखान्यात उशिरा का गेलो? तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं कोण म्हणालं? ते म्हणाल्या होत्या सासूबाई. लातूरकडे त्यांच्या घरात तीच रीत होती.

"म्या काय मुद्दाम केलं व्हय रे?" म्हणून त्या रडायला लागल्या.

मग माझाही तोल गेला. "अहो, मी तुमच्या लाइनवरचा पार्ट नाही," मी म्हणाले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात मेंदू आणि मणक्याच्या सर्जन मॅडम भेटल्या. गर्भ ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्यांनी न टाळता आमच्यासमोर मांडला. आम्ही ठेवायचं ठरवलं. तिथल्या बाकड्यावर मला वेगळा निर्णय घेतलेली एकजणही भेटली. तिला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बालाजींनी मॅडमनाही कारण विचारलंच. त्या म्हणाल्या, "फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घेतली तर धोका बराच कमी होतो. पण घेऊनही कधी कधी होतं, आणि न घेताही कितीतरी बाळं धडधाकट जन्मतात. एका बाळापुरतं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. दोष वाटण्यात वेळ घालवू नका. पुढे बायकोला तुमचा हातभार लागेल." मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. बाळ पाय हलवत होतं. खात्री नाही, पण चांगली खूण आहे, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बालाजी आईजवळ जाऊन बसले आणि तिचे पाय चेपत राहिले.

सिझेरियन झालं आणि दुसऱ्या दिवशी ईश्वरीच्या पाठीचं ऑपरेशन. पिशवी आत घेऊन वरची कातडी शिवली. मी तिला पहिल्यांदा जवळ घेतलं ते पालथं, मांडीवर. पुढे बरेच महिने प्रत्येक खेपेला तिच्या डोक्याचा घेर मोजायचे. या आजारात हायड्रोसेफॅलस, म्हणजे डोक्यात पाणी साठणं, होऊ शकतं. तसं झालं तर शंट नावाची बारीक नळी बसवतात. आम्हाला ती लागली नाही. लघवी मात्र ठरावीक वेळाने नळीने काढावी लागते. पहिल्यांदा नर्सने शेजारी उभं राहून शिकवलं, आता गप्पा मारत करते.

ईश्वरी आता चार वर्षांची आहे, पण तिच्या पावलांना फारशी जाणीव नाही. उभं राहायला आधार म्हणून पायात घालतो ते पट्टे काचले तरी तिला कळत नाही. म्हणून बालाजी शिफ्टवरून आले की तिचे पाय उजेडात धरून बोटाबोटांत लाल डाग शोधतात. त्यांची क्वालिटीची नजर अशी कामाला आली. माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरल्यावर सासूबाईंनी होणाऱ्या सुनेला पाहुण्यांसमोरच सांगितलं, "पोरी, आधी डॉक्टरला इचारून गोळी सुरू कर. लाजू नको." तुम्हीही विचारा. आधीच्या बाळाला हा त्रास असेल तर गोळीचं प्रमाण वेगळं असतं, ते डॉक्टरच सांगतील.

गेल्या महिन्यात बालाजी सकाळी ड्यूटीवरून आले आणि नेहमीसारखे तिला उचलून घ्यायला दारातच हात पुढे करून वाकले. ईश्वरी पलंगाला धरून उभी होती. पायात पट्टे, हाताशी वॉकर.

"थांबा पप्पा, तिथंच थांबा," ती म्हणाली. "मी येते."

तिला वेळ लागला. मध्ये ती एकदा वाकडी झाली, तेव्हा मी धावणार होते, पण सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. बालाजी बूटही न काढता दारात वाकूनच उभे होते, आणि ती आली.